शेअरिंगच्या प्लेट्स, आठ माणसं आणि चार क्रोकेट: ऑर्डर द्यायची तरी कशी?

वेळापत्रकवाली:

आधी गाऱ्हाणं, मग प्रश्न.

मागच्या महिन्यात आम्ही आठ जण एका बऱ्याच गाजलेल्या रेस्टॉरंटात गेलो. छोट्या छोट्या प्लेट्स, सगळ्यांनी मिळून खायच्या, त्यातलं. टेबल मिळायलाच तीन आठवडे लागले होते. मेन्यू देताना तिथली मुलगी हसून म्हणाली, "पहिल्यांदाच येताय? आमच्याकडे सगळं शेअरिंगचं असतं. माणशी दोन ते तीन प्लेट्स धरा, आणि जशा तयार होतील तशा येतील." आम्ही माना डोलावल्या आणि एका दमात सतरा प्लेट्स सांगून टाकल्या. सतराही वेगवेगळ्या, कारण सगळं चाखून बघायचं होतं ना!

पहिल्या दहा मिनिटांत सहा प्लेट्स आल्या. टेबलावर जागा उरली नाही म्हणून मी पाण्याचा ग्लास मांडीवर धरून बसले. मग वीस-पंचवीस मिनिटं काहीच नाही. मग पुन्हा सात एकदम. हमस (काबुली चण्यांची चटणी) आला तेव्हा ब्रेड नव्हता. ब्रेड आला तेव्हा हमसची वाटी चमच्याने चाटूनपुसून साफ झाली होती. आणि क्रोकेट, म्हणजे आत पांढऱ्या सॉसचं सारण असलेले तळलेले गोळे! माणसं आठ, क्रोकेट चार. एका मैत्रिणीने मोठ्या उत्साहाने सुरी घेतली आणि प्रत्येकाचे दोन भाग करायला गेली. आतलं गरम सारण प्लेटभर पसरलं. चौघांच्या वाट्याला कवच आलं, चौघांनी चमच्याने पांढरा सॉस खाल्ला. मी सॉसवाल्यांत.

मी टेबलाच्या टोकाला बसले होते, हा माझा दुसरा गुन्हा. पलीकडच्या टोकाला मासे येऊन गेले म्हणे. मी ऐकलं फक्त. मश्रूमची प्लेट माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तीन चकत्या, लसूण आणि तेल एवढं उरलं होतं. आणि भाजलेल्या वांग्याचा शेवटचा तुकडा वीस मिनिटं तसाच पडून होता. सगळे त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. शेवटी वेटर येऊन म्हणाला, "झालं ना?" आणि घेऊन गेला. मला हवा होता हो तो.

बिल आठ जणांत सारखं वाटलं. घरी येऊन रात्री साडेअकराला मी उभ्याउभ्या दोन टोस्ट खाल्ले.

मी शाळेत वेळापत्रक बनवते. छत्तीस शिक्षक, एकच प्रयोगशाळा, बुधवारी न येणाऱ्या संगीताच्या बाई, हे सगळं मी दरवर्षी जुळवते. आठ माणसांचं एक जेवण मला जुळवता येऊ नये? आता त्याच कंपूचं पुन्हा ठरलंय आणि टेबल मी बुक केलंय, म्हणजे ऑर्डरही मीच देणार. दोघं शाकाहारी, एकीला तिळाची ॲलर्जी, आणि एक महाशय नेहमी अर्धा तास उशिरा येतात.

सांगा, कुठे चुकलं? का हा प्रकारच दोघांपुरता आहे?

माजी वाढपी:

तुमचं वाचून हसू आलं, आणि थोडं ओशाळायलाही झालं. 'माणशी दोन ते तीन' हे वाक्य मी सहा वर्षं रोज संध्याकाळी म्हटलंय. ते खोटं नाही, पण ते दोघा-तिघांच्या टेबलासाठी आहे. दोघांनी पाच प्लेट्स मागवल्या की प्रत्येक पदार्थ दोघांनाही धड मिळतो. आठ जणांनी सतरा निरनिराळ्या मागवल्या तर अन्न माणशी जवळजवळ तेवढंच येतं, फक्त प्रत्येकाच्या पानात प्रत्येक पदार्थाचा आठवा हिस्सा. पोटात जातं, पण खाल्ल्यासारखं वाटत नाही.

पहिली गोष्ट, आठ जणांचं लांब टेबल हे एक टेबल नव्हेच. ती चार-चारची दोन टेबलं आहेत. हात मधल्या माणसापर्यंत पोचतो, त्याच्या पुढे नाही. म्हणून पदार्थ आठ-नऊच निवडा आणि प्रत्येकाच्या दोन प्लेट्स सांगा. वेटरला स्पष्ट म्हणा, "एक या टोकाला, एक त्या टोकाला." आम्हाला हे फार आवडायचं. एकाच पदार्थाच्या दोन प्लेट्स एकदम निघतात, स्वयंपाकघरालाही सोपं जातं. तुम्हाला वाटतं सगळं चाखायचं राहून जाईल. मागच्या वेळी सतरातले किती चाखलेत?

दुसरं, मेन्यूवर दोन जातींचे पदार्थ असतात. वाढायचे आणि मोजायचे. हमस, सॅलड, भात, रश्शातले मासे हे वाढायचे. चमचा फिरला की कमीजास्त करून सगळ्यांना पुरतात. क्रोकेट, कबाब, डंपलिंग, शिंपले हे मोजायचे. मोजायच्या पदार्थाला एकच प्रश्न विचारा: "प्लेटमध्ये नग किती?" कुठल्याही वेटरला हे तोंडपाठ असतं. चार असतील आणि तुम्ही पाच असाल तर "एक वाढवून मिळेल का" हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी मिळतं, त्या एकाचे पैसे लावतात, संपला विषय. जिथे अजिबात जमत नाही तिथे सरळ 'नाही' म्हणतात. तेही बरंच, निदान सुरी काढावी लागत नाही. क्रोकेट कापायचा नसतो, बाई!

आता 'जशा तयार होतील तशा'. आत थंड, तळण, ग्रिल, ओव्हन असे वेगवेगळे विभाग असतात. ऑर्डर मशीनमध्ये टाकली की प्रत्येकाकडे आपापली चिठ्ठी एकदमच निघते. थंडवाला कापतो आणि रचतो, त्याचं चार-पाच मिनिटांत तयार. तळणवाल्याला तेल तापलेलंच असतं. ओव्हनातला अख्खा फ्लॉवर अर्धा तास घेतो. बाकीच्या रेस्टॉरंटांत हे सगळं एकाच वेळी टेबलावर यावं म्हणून एक माणूस स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून ओरडत असतो. इथे ती कटकट बरीचशी वाचते. म्हणजे सोय त्यांची, आणि तुम्हाला सांगायचं की ही आमची पद्धत आहे. माझं स्पष्ट मत.

यावर उपाय एकच: ऑर्डर दोन हप्त्यांत द्या, आणि मेन्यू परत देऊ नका. पहिल्या हप्त्यात थंड आणि तळलेलं. अर्ध्या प्लेट्स संपल्या की ग्रिल आणि जडजड पदार्थ. पण "आम्ही दोनदा सांगणार आहोत" हे बसल्याबसल्या सांगून ठेवा, कारण गर्दीच्या ठिकाणी टेबल दीड-दोन तासांपुरतंच दिलेलं असतं. ओव्हनातलं जे सगळ्यात वेळ खाणारं असेल तेवढं मात्र पहिल्याच हप्त्यात सांगायचं. ब्रेडचं वेगळं सांगावं लागतं: "हमसबरोबरच पाठवा." नाही सांगितलं तर ब्रेड ओव्हनच्या रांगेत आणि हमस थंडवाल्याकडे, दोघांची भेट होत नाही.

उशिरा येणाऱ्यासाठी पहिल्या हप्त्यात काही मागवू नका. गार क्रोकेट बघून तोही दुःखी, तुम्हीही.

वेळापत्रकवाली:

'नग किती' हे मी वहीत लिहून घेतलं. पण 'एक वाढवून द्या' म्हणायला लाज वाटते हो. मोजून खाणारी बाई वाटेन.

माजी वाढपी:

आत माणूस मोजूनच तळतो. तुम्ही मोजलंत तर त्याला काय वाटणार?

तीळनको:

तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने लिहिते, मलाही तोच त्रास आहे. 'तिळाचं काही मागवू नका' एवढ्याने भागत नाही. हमसमध्ये ताहिनी असते, म्हणजे वाटलेले तीळच. वांग्याच्या बाबा गनूशमध्येही तीच. झातार आणि दुक्का या मसाल्यांत तीळ असतात, आणि ते वरून भुरभुरवलेले असल्याने मेन्यूवर त्यांचं नावही नसतं कित्येकदा. युरोपीय संघात ज्या १४ घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते त्यात तीळ आहेत. अमेरिकेने पाकीटबंद पदार्थांसाठीच्या आपल्या यादीत तीळ नववा म्हणून घातला, ते २०२३पासून लागू झालं. पण हे सगळे नियम विकणाऱ्यांसाठी. टेबलावर आल्यावर कोणी हमसचा चमचा तसाच सॅलडमध्ये घातला तर तिथे कुठला नियम कामाला येणार?

शेअरिंगच्या जेवणात माझा खरा शत्रू तो चमचा. त्यामुळे मी काय करते सांगते. जे मला चालतं ते आधी माझ्यापुढे येतं, मी माझा वाटा काढून घेते, मग प्लेट फिरते. परत त्या प्लेटला हात लावत नाही. वरच्यांनी दोन टोकांचं सांगितलंय ते तुम्हाला आयतंच उपयोगी पडेल. तिच्या टोकाला तीळवाली एकही प्लेट ठेवू नका.

बुकिंग करतानाच फोनवर सांगा, गर्दीच्या वेळी वेटरच्या कानात नव्हे. आणि कृपा करून टेबलावर सगळ्यांदेखत "हिला हे चालत नाही, हिला ते चालत नाही" असा पुकारा करू नका. मला दरवेळी पेशंट झाल्यासारखं वाटतं.

एकताट:

मी तर म्हणतो आपापली डिश आपण मागवावी, आपण संपवावी. मिळून खायची एवढी हौस असेल तर घरी बोलवा. रेस्टॉरंटात पैसे देऊन भीड बाळगायची हा काय प्रकार आहे?

तिरकस:

बिलाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो.

अर्थतज्ज्ञ उरी नीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायलमध्ये यावर प्रयोग केला होता, तो २००४मध्ये छापून आला. अनोळखी विद्यार्थ्यांचे सहा-सहा जणांचे गट जेवायला बसवले. काही गटांत ज्याचं त्याने भरायचं, काहींत बिल सहांत सारखं वाटायचं, काहींना सगळं फुकट. वाटून भरणाऱ्यांनी आपापलं भरणाऱ्यांपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त खर्च केला. फुकटवाल्यांचं तर विचारूच नका. गंमत म्हणजे आधी विचारलं तेव्हा बहुतेकांना ज्याचं त्याने भरणंच पसंत होतं. म्हणजे वाटून भरण्यात आपला तोटा आहे हे माहीत असतं, तरी माणूस वाटणी पडली की जास्तीचं मागवतो. मीही मागवतो. शेजारच्याने दुसरा ग्लास सांगितला की माझा हात आपोआप वर जातो.

शेअरिंगच्या टेबलावर मात्र एक फरक आहे. मी जादा प्लेट मागवली तर ती आठही जण खातात, त्यामुळे खाण्याचं सारखं वाटणं फारसं अन्यायाचं नाही. गळती दोन ठिकाणी होते. एक, पेयं. ती कोणी शेअर करत नाही. दोन, शाकाहारी. तुमच्या त्या दोघांनी मागच्या वेळी, जे तुम्हीही पाहिले नाहीत, त्या माशांचे पैसे भरले आहेत. मासे-मटणाच्या प्लेट्स खाणाऱ्यांत, बाकीच्या सगळ्यांत, पेयं ज्याची त्याने. हे ग्रुपवर आदल्या दिवशी टाका. बिल आल्यावर काढलेला विषय भांडण वाटतो, आदल्या दिवशी टाकलेला निरोप व्यवस्था वाटतो. वेळापत्रकवाल्या बाईंना हे मी काय सांगणार.

एकताट यांना: उलटाही एक अभ्यास आहे. २०१९मध्ये वूली आणि फिशबाख या दोघी संशोधकांनी अनोळखी माणसांच्या जोड्यांना चिप्स आणि साल्सा दिला. काही जोड्यांना एकाच वाडग्यात, काहींना वेगवेगळ्या. मग त्यांना लुटुपुटीच्या संपाची बोलणी करायला बसवलं, एक मालक, एक कामगारांचा प्रतिनिधी. एका वाडग्यात खाल्लेल्यांचा तोडगा सरासरी नऊ दिवसांच्या संपात निघाला, वेगळं खाल्लेल्यांना तेरा लागले. तेव्हा भीड थोडी कामाचीही असावी.

भटका:

वांग्याच्या त्या शेवटच्या तुकड्याला जगभर नावं आहेत, हे कळल्यावर तुम्हाला जरा बरं वाटेल. स्पेनमध्ये त्याला 'लाजेचा तुकडा' म्हणतात. जपानात, ओसाकाच्या बाजूला, 'संकोचाचा गोळा'. मला जपानी फारच आवडलं, कारण तो गोळा टेबलावर खरोखर दिसतो. आपल्याकडे 'भीड भिकेची बहीण' म्हणतात तेही काही वेगळं नाही. तुम्हाला तर टोस्ट खावे लागले.

माझा अनुभव असा की ज्या ठिकाणी ही पद्धत मुरलेली आहे तिथे टेबलावरच काहीतरी तोड काढलेली असते. उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशात पिंचो, म्हणजे घासभर खाऊ, काड्यांवर टोचून ठेवतात. आपण उचलत जायचं, बिलाच्या वेळी कित्येक ठिकाणी काड्या मोजतात. हाँगकाँगच्या जुन्या डिमसमच्या (टोपल्यांतून येणाऱ्या छोट्या वाफवलेल्या पदार्थांच्या) जागांत टेबलावर एक कार्ड असतं. टोपली घेतली की लहान, मध्यम, मोठी अशा खान्यात शिक्का. टोपलीत बहुधा तीन किंवा चार नग. पाचवा माणूस आला की यजमान न विचारता दुसरी टोपली उचलतो. तिथे पहिल्यांदा जेवलो तेव्हा मी बसलो होतो भिडेने गप्प, आणि शेजारच्या आजोबांनी उरलेला नग सरळ माझ्या वाटीत टाकला. विचारलंसुद्धा नाही.

इथिओपियात तर प्रश्नच वेगळा. एकच मोठी इंजेरा, म्हणजे आंबोळीसारखी पोळी, तिच्यावर सगळं वाढलेलं, आणि सगळ्यांनी त्याच ताटातून हाताने खायचं. ज्याच्या त्याच्या समोरचा भाग त्याचा. आणि चांगला घास बांधून दुसऱ्याच्या तोंडात भरवायचा, त्याला गुर्शा म्हणतात. म्हणजे शेवटच्या तुकड्याचं काय करायचं ते त्यांचं ठरलेलं आहे: आपण खायचा नाही, भरवायचा.

चिनी हॉटेलांतलं फिरतं ताट आपण सोय म्हणून बघतो, पण त्याच्यामागे आजारपण आहे. १९१०-११च्या मांचुरियातल्या प्लेगशी झुंजलेले डॉक्टर वू लिएन-तेह यांनी पुढे अशा फिरत्या ताटाचा पुरस्कार केला, प्रत्येक पदार्थाला वाढायचा वेगळा चमचा ठेवून. वरच्या तीळनको यांच्या शत्रू चमच्यावरचा उपाय तो हाच. रेस्टॉरंटात गोल टेबल मिळत असेल तर हट्ट धरून तेच मागा. गोलाला टोक नसतं.

आणि जाता जाता. तुर्कस्तानाकडे अशा छोट्या प्लेट्सना 'मेझे' म्हणतात, तो शब्द ज्या फारसी शब्दावरून आला तो 'मझे', म्हणजे चव. आपली 'मजा' तिथलीच.

वेळापत्रकवाली:

काल जाऊन आलो. अहवाल देते.

गोल टेबल मिळालं नाही, आठांसाठी त्यांच्याकडे नाहीच. मग मी टोकाला न बसता मधोमध बसले आणि दोन्ही टोकांवर एकेक जबाबदार माणूस ठेवला (एक बँकेत आहे, एकीला जुळी मुलं आहेत, वाटणीत दोघंही पक्के). नऊ पदार्थ, प्रत्येकी दोन, दोन हप्त्यांत. तिळाचं फोनवर आधीच सांगितलं होतं. पोचलो तर वेटरच्या हातात छापील यादी तयार, कशात आहेत, कशात नाहीत. मैत्रिणीने ती शांतपणे वाचली, कोणाला कळलंही नाही. हमस दुसऱ्या टोकाला, ब्रेड त्याच्याबरोबर! मी तर टाळ्याच वाजवल्या.

"नग किती?" हे मी एकूण पाच वेळा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो मुलगा मी तोंड उघडायच्या आतच आकडे सांगायला लागला. क्रोकेट चारच. दोन प्लेट्स, आठ क्रोकेट, आठ माणसं. कधी नव्हे ते मी एक अख्खा क्रोकेट खाल्ला. कवच कुरकुरीत, आत जीभ भाजेल इतकं गरम, आणि ते सारण बाहेर सांडत नाही, तोंडातच उलगडतं. मागच्या वेळी मी काय खाल्लं होतं कोण जाणे.

फसलं ते असं. ओव्हनातला फ्लॉवर आधी सांगायचा हे मी विसरले. दुसऱ्या हप्त्यात सांगितला, तो आला तेव्हा टेबल सोडायला दहा मिनिटं उरली होती. आठ जणांनी तो उभा चिरून भराभर संपवला, परीक्षेत शेवटच्या पाच मिनिटांत पुरवणी लिहितात तसा. आणि उशिरा येणारे महाशय कधी नव्हे ते वेळेवर आले! मी त्यांना वजा करून पहिला हप्ता सांगायच्या बेतात होते. यावर काही उपाय असेल तर माजी वाढपी यांनी कळवावा.

बिलाचा निरोप आदल्या दिवशी टाकला होता. दोन अंगठे आले, बाकी शांतता. पण शाकाहारी मित्राने निघताना हळूच सांगितलं, "पहिल्यांदाच मला बरोबर आकडा आला." तिरकस यांच्या माहितीसाठी, दुसरा ग्लास सांगताना या वेळी तिघांचेच हात वर गेले.

वांग्याचा एक तुकडा उरलाच. मी भटका यांचा 'संकोचाचा गोळा' सगळ्यांना सांगितला, सगळे हसले, आणि तरीही कोणी हात लावेना. वेटर येताना दिसला. मी काट्याने उचलला आणि खाल्ला.